परिशिष्टातली पहिली ओळ

व्यवस्थापनाच्या वर्गात वाटली जाणारी केस ज्यांनी वाचली आहे त्यांना तिचा साचा तोंडपाठ असतो. सुरुवातीला कोणी उपाध्यक्ष रात्री उशिरा केबिनमध्ये विचारात पडलेला, मधे कंपनीचा इतिहास आणि स्पर्धकांची नावं, शेवटी परिशिष्टं. पहिल्या परिशिष्टात पाच वर्षांचं नफा-तोटा पत्रक असतं आणि त्याची पहिली ओळ असते निव्वळ विक्री. तिच्या खालच्या प्रत्येक ओळीवर वर्गात हमरीतुमरी होते. जाहिरातीवर इतका खर्च का, घसारा कोणत्या पद्धतीने, व्याज झेपतंय का. पहिल्या ओळीवर कोणी बोट ठेवत नाही. तिचे विभागवार, उत्पादनवार, ग्राहकवार तुकडे पाडले जातात, आलेख काढले जातात आणि या उद्योगाला ‘सेल्स अ‍ॅनालिसिस’ म्हणतात. माझी तक्रार या उद्योगाबद्दलच आहे. विक्री ही केसमध्ये दिलेली माहिती मानली जाते. खरं तर तीच केसमधली सोडवायची बाब असते.

यावर केस-पद्धतीच्या पुरस्कर्त्यांचं म्हणणं आधी नीट मांडलं पाहिजे, कारण ते पोकळ नाही. हार्वर्डचं बिझनेस स्कूल १९०८ चं, तिथे विसाच्या दशकात ही पद्धत रुजली, आणि १९६१ मध्ये अहमदाबादची आयआयएम हार्वर्डच्या सहकार्याने उभी राहिली तेव्हा ती आपल्याकडे आली. अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यायला शिकवणं हा तिचा हेतू. पुरस्कर्ते म्हणतात, केस म्हणजे तपास अहवाल नव्हे. दीड तासाच्या वर्गात ‘हे आकडेच खोटे असतील तर?’ असं कोणी विचारू लागला तर चर्चा पुढे सरकणारच नाही. हिशेब तपासायला लेखापरीक्षक आहेत. घोटाळे हे अपवाद. त्यांच्यासाठी नीतिमत्तेचा वेगळा विषय अभ्यासक्रमात आहेच.

या युक्तिवादातली खरी मेख शेवटच्या वाक्यात आहे. खोटी विक्री हा नीतीचा विषय ठरवला की विक्री वाचणं हा हिशेबाचा विषय उरत नाही. मग एन्रॉन शिकवताना लोभावर बोलायचं, सत्यम शिकवताना, आपण वाघाच्या पाठीवर बसलो होतो असं कबुलीत लिहिणाऱ्या तिच्या अध्यक्षावर बोलायचं, आणि तास संपवायचा. पुढच्या तासाला दुसरी कंपनी, दुसरं परिशिष्ट, तीच पहिली ओळ, पुन्हा गृहीत.

एन्रॉनपासूनच सुरू करू, कारण हार्वर्डने तिच्यावर कौतुकाच्या केसेस लिहिल्या होत्या. गॅसच्या पाइपलाइन चालवणारी कंपनी नव्या अर्थव्यवस्थेची महासत्ता कशी झाली याचं गुणगान करणारी एक केस तर २००१ ची, म्हणजे कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज दिला त्याच वर्षातली. त्या कौतुकाचा पाया विक्री हाच होता. १९९९ मध्ये सुमारे ४० अब्ज डॉलर असलेली एन्रॉनची विक्री २००० मध्ये १०० अब्जांवर गेली. ‘फॉर्च्यून’च्या यादीत ती सातव्या क्रमांकावर आली. त्याच काळात निव्वळ नफा मात्र सुमारे ८९ कोटी डॉलरवरून ९८ कोटींपर्यंतच सरकला. विक्री अडीचपट, नफा दहा टक्के. हे दोन आकडे एकाच पानावर छापलेले होते, त्यासाठी कोणाचं कपाट फोडावं लागत नव्हतं.

इतकी विक्री आली कुठून? बरीचशी आली ती हिशेबाच्या एका निवडीतून. वीज आणि गॅसचे सौदे एन्रॉन मध्यस्थासारखी करत होती, पण प्रत्येक सौद्याची संपूर्ण किंमत ती स्वतःची विक्री म्हणून लिहीत होती. वॉल स्ट्रीटवरच्या दलाली पेढ्या असल्या व्यवहारात फक्त आपला फायदा किंवा दलाली महसुलात धरत. लासलगावच्या अडत्याने शेतकऱ्याचा लाखाचा कांदा विकून दिला आणि वर्षअखेरीस ‘माझा धंदा लाखाचा’ असं सांगितलं, तर बाजार समितीच्या आवारातला हमालसुद्धा हसेल. त्याची कमाई अडतीपुरती, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. जे लासलगावात हमालाला कळतं ते ह्यूस्टनच्या या कंपनीच्या केसमध्ये प्राध्यापकांना दिसू नये, याचं कारण बुद्धीत नाही. त्यांनी पाहिलंच नाही, कारण पाहण्याची जागा तिथे आहे असं त्यांच्या पद्धतीत कुठे लिहिलेलं नव्हतं.

दुसरी निवड याहून धीट होती. दीर्घ मुदतीचा करार झाला की पुढच्या सगळ्या वर्षांतला अपेक्षित नफा आजच्या किमतीला आणून आजच दाखवायचा. गॅसच्या सौद्यांसाठी ही मुभा एन्रॉनने १९९२ मध्ये अमेरिकी रोखे आयोगाकडून मिळवली आणि मग ती जिथे पोचेल तिथे नेली. २००० च्या उन्हाळ्यात ब्लॉकबस्टर या व्हिडिओ दुकानांच्या साखळीशी घरोघरी तारेवरून सिनेमे पुरवण्याचा वीस वर्षांचा करार झाला. प्रयोग मोजक्या शहरांत, मोजक्या घरांत. त्यावर एन्रॉनने सुमारे ११ कोटी डॉलर नफा लिहून टाकला. मार्च २००१ मध्ये करारच मोडला. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि वर त्यावर बोनस.

मराठी वाचकाला एन्रॉन ह्यूस्टनहून कळली नाही, ती गुहागर तालुक्यातून कळली. तिच्या तिथल्या दाभोळ वीजप्रकल्पावर आपल्याकडे जे रणकंदन झालं ते पर्यावरण, भ्रष्टाचार, स्वदेशी, १९९५ चं सत्तांतर, करार समुद्रात बुडवण्याची घोषणा आणि वर्षभरात तोच करार नव्या अटींवर पुन्हा, या अंगांनी झालं. विक्रीचं विश्लेषण म्हणून त्याकडे पाहणारे थोडे होते, आणि त्यांचं बोलणं गदारोळात विरलं. प्रकल्पाला ग्राहक एकच, महाराष्ट्र राज्य वीज मंडळ. वीज उचलली नाही तरी क्षमतेचा आकार देणं मंडळाला बंधनकारक. इंधन आणि परतावा डॉलरशी बांधलेला. त्यावर राज्य सरकारची हमी, आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. कागदावर यापेक्षा पक्की विक्री असूच शकत नाही. म्हणूनच कोणीतरी विचारायला हवं होतं: या ग्राहकाची स्वतःची वसुली किती? गळती किती, शेतीपंपांचं बिल किती येतं, उद्योगांना लावलेल्या जादा दरातून ती तूट कुठवर भरून निघेल? जागतिक बँकेने हा हिशेब १९९३ मध्येच केला आणि प्रकल्प आर्थिकदृष्ट्या टिकणारा नाही म्हणून कर्ज नाकारलं. हे गुपित नव्हतं. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि दोनच वर्षांत, मे २००१ मध्ये, मंडळाने वीज घेणं थांबवलं. बिलं होती, हमी होती, प्रतिहमी होती; पैसे नव्हते.

यात एक बारकावा आहे तो मला सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका वाटतो. एन्रॉनच्या परदेशी प्रकल्पांच्या विभागात बोनस ठरत असे तो प्रकल्पाचा करार आणि अर्थपुरवठा पक्का होण्याच्या वेळी, त्याच्या भावी कमाईच्या अंदाजावरून. म्हणजे ज्याने दाभोळ विकला त्याचा हिशेब चुकता झाला, वीज मंडळाने पहिलं बिल भरण्याच्या कितीतरी आधी. आता सांगा, हा नीतीचा प्रश्न आहे की विक्री कोणत्या दिवशी धरायची याचा?

‘या अमेरिकी अवाढव्य गोष्टी झाल्या, साध्या धंद्यात असं काय असतं?’ असं म्हणणाऱ्याने मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कुठल्याही तालुक्याच्या गावी डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात जाऊन उभं राहावं. सांगलीतल्या अशा एका गोदामात मी उभा राहिलो आहे. शांपूच्या पेट्या छताला टेकलेल्या, बिस्किटांच्या पेट्यांमुळे जिन्यावर जायला वाट नाही, आणि कंपनीचा तरुण एरिया मॅनेजर घामाघूम होऊन विनवतोय, ‘शेठ, एवढं तीस लाखांचं उचला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात क्रेडिट नोट काढून देतो.’ शेठ पान लावत शांतपणे म्हणाले, ‘बिल फाडा. माल तुमच्या डेपोतच राहू दे.’ दोघेही समाधानी. कंपनीच्या वहीत विक्री झाली. दुकानात एक पुडा गेला नाही, गिऱ्हाइकाने एक रुपया मोजला नाही.

या व्यापारात कंपनीकडून डिस्ट्रिब्युटरला जाणाऱ्या मालाला प्रायमरी म्हणतात आणि डिस्ट्रिब्युटरकडून दुकानात जाणाऱ्या मालाला सेकंडरी. फिरतीवरच्या पोऱ्यालाही हा भेद पाठ असतो. प्रायमरी फुगली आणि सेकंडरी जागेवर राहिली तर एप्रिल-मे कोरडे जाणार, हे त्याला आलेखाशिवाय कळतं. वार्षिक अहवालात मात्र प्रायमरीच ‘विक्री’ म्हणून छापली जाते, आणि केसच्या परिशिष्टात तीच उतरते.

शेठ जे करत होते त्याचं मोठं रूप अमेरिकेत सनबीम या घरगुती उपकरणांच्या कंपनीने १९९७ मध्ये केलं. उन्हाळ्यात लागणाऱ्या शेगड्या हिवाळ्यातच दुकानदारांच्या नावे बिल करायच्या, सवलत आणि लांब मुदत द्यायची, आणि माल गोदामातच ठेवायचा. त्या वर्षाच्या सुमारे १८.९ कोटी डॉलर नफ्यातले किमान ६ कोटी असल्या करामतींचे होते, असं रोखे आयोगाने पुढे म्हटलं. ‘आधी कोणाला कळणार होतं?’ हा बचाव इथे चालत नाही. पेनवेबर या पेढीचा विश्लेषक अँड्र्यू शोर याने येणी आणि साठा विक्रीपेक्षा वेगाने वाढत असल्याचं हेरलं होतं, आणि एप्रिल १९९८ मध्ये त्याने शेअरबद्दलचं मत खाली आणलं. त्याने वापरलेली माहिती सगळ्यांच्या टेबलावर होती.

इथवर माझ्या बाजूने सगळं सोपं गेलं. आता जाणकार वाचक मला अडवेल, आणि अडवायलाच हवं. तो म्हणेल, येणी बघा, रोख बघा, हे ठीक. पण सत्यममध्ये तर रोखच खोटी होती. तिथे तुमची युक्ती काय कामाची?

आक्षेप रास्त आहे. सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या ७ जानेवारी २००९ च्या कबुलीपत्रातले आकडेच पाहा. ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वात नव्हते. येणी मात्र फुगवलेली होती अवघ्या ४९० कोटींनी. म्हणजे खोटी बिलं फाडली, ती कागदावर ‘वसूल’ही केली आणि पैसे बँकेत पडून आहेत असं दाखवलं. येणी किती दिवसांची, हे वर्गातलं लाडकं गुणोत्तर इथे कंपनीला उत्तम गुण देत होतं. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत विक्री दाखवली २,७०० कोटी, खरी होती २,११२ कोटी. परिचालन नफा दाखवला विक्रीच्या २४ टक्के. खरा होता ३ टक्के. आता हा २४ चा आकडा पाहा. बड्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या पंगतीत तो बेमालूम बसत होता. स्पर्धकांशी गुणोत्तरांची तुलना करा, वेगळं दिसेल ते तपासा, ही वर्गातली शिकवण सत्यमने पुरती पचवली होती. खोटं लिहिणाराही तेच तक्ते समोर ठेवून लिहितो.

म्हणून सत्यम माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, ते अधिक नेमकं करते. एका वहीतला आकडा त्याच वहीतल्या दुसऱ्या आकड्याशी जुळवून काहीच सिद्ध होत नाही. विक्रीला पुरावा लागतो तो वहीबाहेरचा, आणि लिहिणाऱ्याच्या हाताला न लागलेला. सत्यमच्या बाबतीत असा पुरावा एका पत्राच्या अंतरावर होता. शिल्लक किती, हे बँकेला थेट विचारायचं आणि उत्तर थेट घ्यायचं. अमेरिकी रोखे आयोगाच्या २०११ च्या आदेशात नोंदलेलं आहे की सत्यमचं लेखापरीक्षण करणाऱ्या प्राइस वॉटरहाउसच्या भारतीय पेढ्यांनी ही विचारणा-पत्रं पाठवण्याचं आणि उत्तरं आणण्याचं काम सत्यमच्याच व्यवस्थापनावर सोपवलं होतं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच. शिवाय काही बँकांकडून थेट आलेली उत्तरं कंपनीने दाखवलेल्या रकमांपेक्षा फारच वेगळी होती, तरी कोणाला खटकलं नाही. सीबीआयला पुढे कंपनीच्या बिल प्रणालीत ७,५६१ बनावट बिलं सापडली. ती प्रणालीत होती, पण ज्या कामांची म्हणून दाखवली त्या कामांवरच्या माणसांना दिसू नयेत अशी दडवलेली. त्यांतल्या एखाद्या प्रकल्पप्रमुखाला ‘या महिन्यात तुमच्या कामाचं बिल कितीचं गेलं?’ असं विचारलं असतं, तर पुढचं काम त्याच्या उत्तराने केलं असतं. ‘लेखापरीक्षक आहेत ना’ म्हणणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

अलीकडे एक नवं समाधान ऐकू येतं: आता जीएसटी आहे, ई-इनव्हॉइस आहे, विकणाऱ्याचं बिल घेणाऱ्याच्या विवरणात उमटतं, आता खोटी विक्री कशी करणार? जीएसटीने पुष्कळ सुधारलं हे खरं. पण पोर्टल एवढंच सांगतं की दोघांनी एकच आकडा लिहिला. अ ने ब ला, ब ने क ला, क ने परत अ ला बिल फाडलं तर तिन्ही बिलं जुळतात, तिघांची उलाढाल वाढते, बँकेची मर्यादा वाढवून मिळते. ट्रक मात्र कुठल्याच टोलनाक्यावरून गेलेला नसतो. जीएसटी खात्याच्या धाडींत अशी वर्तुळं सतत सापडतात. वहीबाहेरचा पुरावा म्हणजे दुसऱ्याची वही नव्हे, एवढं यातून कळावं.

अ‍ॅमेझॉनचं नाव काढून ‘वाढ आधी, नफा मागून’ म्हणणाऱ्यांना थोडक्यात उत्तर देतो, कारण त्यांचा मुद्दा माझ्याविरुद्ध नाहीच. अ‍ॅमेझॉनला पूर्ण वर्षाचा पहिला नफा २००३ मध्ये दिसला हे खरं. पण तिचं गिऱ्हाईक पुस्तक मागवताना कार्डाने पैसे देत होतं आणि प्रकाशकाला ती नंतर देत होती. तिथे तोटा खर्चात होता. विक्री खरी होती आणि रोखीची होती. आपल्याकडे तिचा दाखला देणाऱ्या कितीतरी कंपन्यांत नेमकं उलटं असतं.

मग वर्गात करायचं काय? खंडन करून हात झटकणं सोपं असतं, म्हणून एक नमुना देतो. चीनमधल्या लकिन कॉफीवर ३१ जानेवारी २०२० रोजी मडी वॉटर्स या शॉर्ट-सेलर संस्थेने एक निनावी अहवाल प्रसिद्ध केला. नफा-तोटा पत्रकाची चिरफाड करत बसण्याऐवजी तो लिहिणाऱ्यांनी माणसं उभी केली: ९२ पूर्णवेळ आणि १,४१८ अर्धवेळ. ती दुकानांच्या दारात बसली, ११,२६० तासांचं चित्रीकरण केलं, गिऱ्हाइकांकडून २५,८४३ पावत्या गोळा केल्या. लकिनमध्ये प्रत्येक ऑर्डरला टोकन क्रमांक मिळतो. दिवसाच्या पहिल्या आणि शेवटच्या क्रमांकातून ऑर्डर किती हे निघायला हवं होतं. पण दुकान अधूनमधून क्रमांक गाळून पुढे उडी मारत होतं, म्हणून दारातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी माणसं मोजावी लागली. २०१९ च्या चौथ्या तिमाहीत दुकानामागे रोज विकलेल्या वस्तूंची संख्या किमान ८८ टक्क्यांनी फुगवलेली आहे, असा निष्कर्ष निघाला. कंपनीने अहवाल फेटाळला. २ एप्रिलला तिनेच कबूल केलं की २०१९ च्या शेवटच्या तीन तिमाहींत सुमारे २२० कोटी युआनची विक्री बनावट होती.

शॉर्ट-सेलर हे काही साधुसंत नव्हेत. शेअर पडला तर त्यांचा फायदा. पण विक्रीचं विश्लेषण म्हणावं असं काम या प्रकरणात कोणी केलं असेल तर त्यांनी. हे काम कोणत्याही कॉलेजचे विद्यार्थी लहान प्रमाणावर करू शकतात. पुण्यातल्या एखाद्या शोरूमबाहेर दोन शनिवार बसा. डिस्ट्रिब्युटरकडे जाऊन प्रायमरी आणि सेकंडरीचे आकडे वेगवेगळे मागा. कारखान्याच्या वीजबिलावरून उत्पादन काढा आणि ते विक्रीशी ताडून पाहा. आधी हे, मग परिशिष्ट. आणि चर्चा थांबेल ही भीती फुकाची आहे. वर्गात खरा वाद पेटतो तो इथेच, कारण उत्तर शिक्षकाच्या मार्गदर्शिकेत छापलेलं नसतं.

सत्यमची केसही मी वेगळ्या दिवसापासून सुरू करीन. राजूंचं पत्र जानेवारीतलं. मी एप्रिल २००९ घेईन. सरकारने नेमलेलं संचालक मंडळ कंपनी विकायला बसलं आहे. विश्वास ठेवावा असा ताळेबंद नाही. दुरुस्त हिशेब यायला अजून दीड वर्ष आहे. हातात आहे ती ग्राहकांची यादी, कामावरची माणसं, चालू कंत्राटं आणि अमेरिकेतले खटले. बोली येतात तीन: पुण्याच्या टेक महिंद्राची शेअरला ५८ रुपये, लार्सन अँड टुब्रोची ४५ रुपये ९० पैसे, डब्ल्यू. एल. रॉस यांची २० रुपये. विक्रीची ओळच नसताना या तिघांनी काय मोजलं असेल, आणि वीस व अठ्ठावन्न यांच्यात इतकं अंतर का पडलं, यावर तो तास घ्यावा.